बाटलीवरचे इटली

ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर जे सर्वांत मोठ्या अक्षरांत छापतात, तेच बहुधा सर्वांत कमी उपयोगाचे असते. ‘इटलीत भरलेले’ म्हणजे फळे तिथलीच असे नाही. स्पेन, ग्रीस, ट्युनिशियाचे तेलही तिथे मिसळून भरले जाते. ‘लाइट’मध्ये उष्मांक कमी नसतात, शुद्धीकरणात फक्त रंग-वास गेलेला असतो. आपल्याकडे स्वस्त मिळणारे ‘पोमेस’ तर चोथ्यातून द्रावकाने काढतात. तळणीला चालेल, पण ते एक्स्ट्रा व्हर्जिन नव्हे.

एक्स्ट्रा व्हर्जिनची आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा अधिक नको, हा नियम खरा. पण रिफाइंड तेलाची आम्लता त्याहूनही कमी असते, त्यामुळे तो आकडा एकटा काही सिद्ध करत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकात प्रशिक्षित चाखणाऱ्यांची चाचणीही आहे. फ्रिजमध्ये गोठले की अस्सल, हा घरगुती उपाय सरळ सोडून द्यावा. गोठणे फळाच्या जातीनुसारही बदलते. त्यापेक्षा तोडणीचा हंगाम, फळांचा देश आणि गडद काच पाहावी. ताज्या तेलाला हिरवा वास, किंचित कडवटपणा आणि घशाशी झणका असतो. हा झणका तेलातल्याच ओलिओकॅन्थल या घटकाचा, तो दोष नव्हे. ‘महाग घेतले की झाले’ म्हणावे, तर दोन वर्षे दुकानाच्या उजेडात राहिलेली महाग बाटलीही खवटच. अतिस्वस्तावर मात्र संशय घ्यावाच. १९८१मध्ये स्पेनमध्ये उद्योगांसाठीचे, ॲनिलिन मिसळलेले रेपसीड तेल खाद्यतेल म्हणून फिरत्या विक्रेत्यांनी विकले आणि शेकडो माणसे दगावली.