भिंतीवरची काळी बुरशी आणि आपले गैरसमज

अक्कलकोट रोड एम.आय.डी.सी.त टॉवेल-चादरींच्या यंत्रमागांवर आपली पुष्कळ माणसे राबतात. सोलापूरला पाऊस तसा कमीच. पण सप्टेंबरात तो जोर धरतो आणि कामगारांच्या पत्र्याच्या घरांत भिंतीच्या कोपऱ्यांना काळे डाग चढतात. मग शेजारीण घाबरून म्हणते, "अगं बाई, ही तर ती काळी बुरशी!"

"ती" म्हणजे २०२१ सालची. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात कितीकांचे प्राण घेतले, कितीकांचे डोळे नेले. त्या रोगाला काळी बुरशी हे नाव पडले आणि चिकटले. वास्तविक ती बुरशी काळी नसते. रक्तपुरवठा तुटून मेलेला शरीराचा भाग काळा पडतो. साखर फार वाढलेल्यांना आणि स्टिरॉइड घेतलेल्यांना तिने मुख्यतः गाठले. एकाकडून दुसऱ्याला ती लागत नाही. भिंतीवर उगवते ती बहुधा क्लॅडोस्पोरियमसारखी, निराळ्याच कुळातली.

काळी तेवढी जहरी आणि पांढरी निरुपद्रवी, हाही हिशेब खोटा. शिवाय भिंतीवरचे पांढरे पुष्कळदा बुरशी नसतेच, लोणा असतो. पाण्याचा थेंब टाकून पाहा. विरघळला तर तो क्षार.

बुरशीची जात ओळखायला ती प्रयोगशाळेत वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. तरीही अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचे सुटे बीजाणू इतके सारखे दिसतात की हवेच्या तपासणीत दोन्ही एकत्रच मोजतात. १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंग यांच्या बशीत जी बुरशी उगवली, जिच्यापासून पेनिसिलिन मिळाले, तिची जातही तिथल्या बुरशीतज्ज्ञाने प्रथम चुकीची सांगितली होती. मग मोबाईलवरचा फोटो बघून नाव सांगणाऱ्याचे काय ऐकायचे?

आणि नाव कळले तरी काम तेच. पत्रा गळतो का, पाईप झिरपतो का, ओले कपडे बंद खोलीत वाळत पडतात का, ते बघा. ओल तशीच ठेवून वर रंग मारला तर पैसे वाया जातात. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. नाक-तोंड बांधून साबणाच्या पाण्याने घासा, ओल्या फडक्याने पुसा. मेलेली बुरशीही दमेकऱ्याला त्रास देते, म्हणून ती मारून भागत नाही, काढावीच लागते. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

खरी काळजी वाटते ती खोकल्याची, कारण घरातला प्रत्येक खोकला आपण भिंतीच्या माथी मारतो. सूतगिरणीत, विशेषतः कापूस पिंजण्याच्या खात्यात, कापसाच्या धुळीने बिसिनोसिस होतो. सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत हा रोग आहे, म्हणून आपण काय काम करतो हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

दुसरे असे की, ज्याला पूर्वी क्षय होऊन गेला, त्याच्या फुफ्फुसात कधी कधी पोकळी उरते. त्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस बुरशी घर करते आणि खोकल्यातून रक्त पडते. घरचे समजतात, क्षय उलटला. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसतील, तर बुरशीची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. जाताना जुने एक्स-रे आणि क्षयाच्या औषधांचे कागद बरोबर न्या.