गिनीच्या मोलाची डबी आणि आतला काळा बोळ

‘एका डबीचे मोल एक गिनी!’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील क्वचितच एखाद्या वृत्तपत्रवाचकाच्या नजरेतून ही ओळ सुटली असेल. लहानपणी मेंढ्या राखणाऱ्या टॉमस बीचम याने लँकेशायरमधील सेंट हेलेन्स येथे बनवलेल्या गोळ्यांची ही जाहिरात. पित्त, डोकेदुखी, चक्कर, भूक न लागणे, दम लागणे, झोपमोड, भयानक स्वप्ने, अंगाला सुटणारा कंप अशा पोटाच्या आणि ‘मज्जातंतूंच्या’ साऱ्या तक्रारींवर ही एकच गोळी गुणकारी असल्याचा दावा त्यात असे. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. प्रत्यक्षात डबी मिळे ती एक शिलिंग दीड पेनीला. त्यामुळे ग्राहकाला सौदा भलताच स्वस्तात पडल्याचे समाधान लाभे.

त्या डबीत नेमके काय होते, याचा उलगडा व्हायला १९०९ साल उजाडावे लागले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्या वर्षी ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. बाजारातील गुप्त औषधांचे रासायनिक पृथक्करण करून त्यातील घटक आणि त्यांची किंमत त्यात छापण्यात आली होती. बीचमच्या गोळीत निघाले कोरफडीच्या वाळवलेल्या रसाचा काळा बोळ, सुंठ आणि साबण! छप्पन्न गोळ्यांच्या डबीतील या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा हिस्सा भरली. विक्रीची किंमत मालाच्या शंभर पटींहून अधिक होती.

‘पेटंट’ शब्दाची गंमत

या औषधांना ‘पेटंट औषधे’ म्हटले जाई. त्यांपैकी बहुतेकांना पेटंट मात्र कधीच मिळालेले नव्हते. पेटंट घ्यायचे तर औषधाची कृती उघड करावी लागते आणि या धंद्याचा सारा डोलारा तर गुप्ततेवर उभा होता. राजाकडून मिळणाऱ्या सनदपत्रावरून हा शब्द आला आणि पुढे गुप्त कृतीच्या कोणत्याही तयार औषधाला तो चिकटला.

त्यात सरकारी तिजोरीनेही नकळत हातभार लावला. १७८३ पासून ब्रिटनमध्ये अशा औषधांवर मुद्रांक शुल्क होते. एक शिलिंगपर्यंतच्या मालावर दीड पेनीचा मुद्रांक लागे. एक शिलिंग दीड पेनी हा विचित्र भाव आला तो त्यामुळेच. डबीच्या वेष्टनावर सरकारी मुद्रांक दिसला की औषध सरकारने तपासले असावे, असा सामान्य माणसाचा समज होई. वास्तविक तो केवळ कर भरल्याचा पुरावा होता. १९०८ च्या सुमारास वर्षाकाठी असे चार कोटींहून अधिक मुद्रांक लागत होते. ज्या व्यापारावर सरकारचे उत्पन्न अवलंबून, त्या व्यापाराला आळा घालण्याची घाई सरकारला कशी असणार?

लोक भोळे होते का?

आज या जाहिराती वाचताना हसू येते. परंतु त्या काळातील गिऱ्हाइकाला मूर्ख ठरवणे अन्यायाचे होईल. डॉक्टरची फी गिरणी कामगाराच्या आवाक्याबाहेरची होती. शिवाय फी मोजून तरी काय मिळे? शतकाच्या पूर्वार्धात पारायुक्त औषधे देणे आणि रक्त काढणे हेही प्रतिष्ठित उपचार होते. त्यापेक्षा सुंठ आणि काळा बोळ निदान निरुपद्रवी म्हणावे लागतील. निकृष्ट आहारामुळे बद्धकोष्ठ जडलेल्याला रेचकाने खरोखरच हलके वाटे. कितीतरी दुखणी आपोआप बरी होत. श्रेय मात्र गोळीला जाई.

‘डॉ. विल्यम्स यांच्या गुलाबी गोळ्या’ हे याचे बोलके उदाहरण. १८९० मध्ये कॅनडातील जॉर्ज फुलफर्ड यांनी या गोळ्यांचे हक्क अवघ्या ५३ डॉलरना विकत घेतले आणि फिकुटलेल्या माणसांसाठीचे औषध म्हणून त्या जगभर खपवल्या. त्यात लोहाचा क्षार होता. रक्तक्षय झालेल्या तरुणीला त्याचा थोडाफार गुण येणे स्वाभाविक होते. लबाडी होती ती त्यापुढच्या दाव्यात. हीच गोळी पक्षाघात आणि मज्जातंतूंचे विकारही बरे करते, असे जाहिराती सांगत.

नसांची भीती

१८६९ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉर्ज बिअर्ड यांनी ‘न्यूरस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंची शक्ती खर्ची पडून येणारा थकवा, ही कल्पना मांडली. आगगाडी, तारायंत्र आणि कारखाने यांच्या धकाधकीत शिणलेल्या मध्यमवर्गाला आपल्या अस्वस्थतेसाठी एक भारदस्त नाव मिळाले. औषधविक्रेत्यांना तर पर्वणीच लाभली. थकवा, उदासी, निद्रानाश ही लक्षणे कोणाला कधी ना कधी जाणवत नाहीत? जाहिरात आधी वाचकाला रोगी ठरवी आणि मग त्याला औषध विके.

विजेचे नवल ताजे असल्याने विजेचे कमरपट्टेही निघाले. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सी. बी. हार्नेस यांच्या ‘इलेक्ट्रोपॅथिक’ पट्ट्याने दुर्बल नसांना बळ देण्याचे आश्वासन देऊन मोठी कमाई केली. १८९३ मध्ये ‘पॉल मॉल गॅझेट’ या वृत्तपत्राने त्याचे पितळ उघडे पाडले आणि धंदा कोसळला. सर्वांत केविलवाणी स्थिती होती ती तरुणांची. वीर्यनाशाची धास्ती घालणाऱ्या पुस्तिका वाटून त्यांना महागडे ‘उपचार’ गळ्यात बांधले जात. फसगत झाली तरी लाजेपोटी तक्रार करण्यास कोणी पुढे येत नसे.

साबणाच्या गोळीपलीकडे

सगळीच औषधे बीचमच्या गोळीइतकी निरुपद्रवी नव्हती. रडणाऱ्या तान्ह्या मुलांना शांत करण्यासाठी ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ दिले जाई. त्यात अफू असे. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फिन होते. पहाटे गिरणीत जाणारी आई मूल शेजारणीच्या हवाली करी आणि मूल दिवसभर गुंगीत पडून राही. गुंगीतल्या मुलाला भूकही लागत नसे. त्यातली काही मुले पुन्हा जागी झालीच नाहीत. १८६८ च्या कायद्याने अफूच्या विक्रीवर निर्बंध आले खरे, पण पेटंट औषधे त्यातून वगळण्यात आली.

यातील एका औषधाचा जन्म तर हिंदुस्थानातला. येथील ब्रिटिश फौजेतील डॉक्टर जॉन कॉलिस ब्राऊन यांनी १८४८ मध्ये पटकीवरील उतारा म्हणून ‘क्लोरोडाइन’ तयार केले. अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म यांचे ते मिश्रण. जुलाब, खोकला आणि वेदना त्याने थांबत, हे खरेच. पण व्यसनही जडे. १८९२ मधील खटल्यानंतर कुठे त्याच्या बाटलीवर ‘विष’ हा शब्द आला.

शंभर पौंडांचे बक्षीस

फसव्या दाव्यांना पहिला मोठा दणका बसला तो एका गृहिणीकडून. १८८९ पासून युरोपात इन्फ्लुएंझाची साथ होती. लंडनच्या एका कंपनीने कार्बोलिक आम्लाचा धूर नाकावाटे ओढण्याचा रबरी चेंडू काढला. तो सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास शंभर पौंड देऊ आणि त्यासाठी हजार पौंड बँकेत ठेवले आहेत, असे कंपनीने जाहिरातीत म्हटले. लुइसा कार्लिल यांनी नोव्हेंबर १८९१ पासून जानेवारी १८९२ पर्यंत दिवसातून तीनदा तो वापरला आणि तरीही त्यांना इन्फ्लुएंझा झालाच. कंपनीने पैसे नाकारले. जाहिरातीतली भाषा कोणी मनावर घ्यायची नसते, असा बचाव तिने केला. डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि शंभर पौंड देण्यास सांगितले. भारतातील विधी महाविद्यालयांत करार कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही अभ्यासावा लागतो.

वृत्तपत्रांचा वाटा

वृत्तपत्रांना मात्र या प्रकरणात हात झटकता येणार नाहीत. जाहिरातींच्या जोरावरच हा धंदा उभा राहिला. टॉमस हॉलोवे याने १८४२ मध्येच आपल्या गोळ्या आणि मलमाच्या जाहिरातींवर पाच हजार पौंड खर्च केले. त्याच पैशातून पुढे मनोरुग्णांसाठी रुग्णालय आणि स्त्रियांसाठी महाविद्यालय उभे राहिले, हा भाग वेगळा. ‘सीक्रेट रेमेडीज’ प्रसिद्ध झाले तेव्हा त्याची जाहिरात छापण्यास अनेक वृत्तपत्रांनी नकार दिला. कारण उघड होते.

संसदेने १९१२ मध्ये चौकशी समिती नेमली. तिने विस्तृत अहवाल तयार केला. तो प्रसिद्ध झाला ऑगस्ट १९१४ मध्ये, ब्रिटन महायुद्धात उतरत असताना! अहवाल साहजिकच बासनात गेला. पुढे तुकड्यातुकड्याने सुधारणा झाल्या. १९१७ मध्ये गुप्तरोगांवरील आणि १९३९ मध्ये कर्करोगावरील उपचारांच्या जाहिरातींवर बंदी आली. औषधातील घटक वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले आणि मुद्रांक शुल्क रद्द झाले ते १९४१ च्या कायद्याने.

भारतात १९५४ मध्ये ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा झाला. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, लैंगिक दुर्बलता अशा अनेक विकारांवर हमखास इलाजाची जाहिरात करण्यास तो मनाई करतो. तरीही लोकलच्या डब्यातील चिटोऱ्यांपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत ‘नसांची कमजोरी’ आणि ‘गुप्त दुर्बलता’ हे शब्द आपला पिच्छा पुरवतातच. औषधांची नावे बदलली, जाहिरातीचे गणित बदललेले नाही. सगळ्या रोगांवर एकच औषध, अपाय अजिबात नाही आणि आत काय आहे ते मात्र सांगायचे नाही, अशी जाहिरात समोर आली की गिनीच्या मोलाची ती डबी आठवावी. खिशात हात घालण्यापूर्वी ‘यात आहे तरी काय?’ एवढे विचारले तरी पुरे.