हॉटेलच्या ताटातलं मीठ

मागच्या महिन्यात वस्तीत बीपी तपासणी होती. एका काकूंचं प्रेशर १७०/१०० आलं. गोळी रोज घेतात, घरी वरून मीठ घेत नाहीत. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मुलाला नोकरी लागल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा सगळं घर फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जेवतं.

भगिनींनो, हॉटेलात जाऊ नका असं मी सांगणार नाही. आपल्या आजोबांना हॉटेलच्या बाहेर, वेगळ्या कपात चहा मिळायचा. उपाहारगृहात जाण्यापासून कोणालाही जातीवरून अडवता येणार नाही, हे संविधानाच्या कलम १५ मध्ये लिहिलंय. टेबलावर बसून ऑर्डर देताना मलाही बरं वाटतं. पण समोर काय येतं ते कळायला हवं.

नेहमीची ऑर्डर बघा: मसाला पापड, पनीर बटर मसाला, बटर नान, दाल तडका, जिरा राईस. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. या ऑर्डरमध्ये मीठ नाही असा एकही पदार्थ नाही. नानच्या पिठातही असतं. पापडात मिठासोबत पापडखार, त्यातही सोडियमच. ग्रेव्ही मात्र खारट लागत नाही, कारण क्रीम, काजू आणि चिमूटभर साखर चव झाकतात.

पनीर म्हणजे पौष्टिक, असं आपण धरून चालतो. एक डिश चौघांत वाटली की वाट्याला दोन-तीन तुकडे येतात. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे त्या तुकड्यांतून मिळतात जेमतेम एका अंड्याएवढी. बाकी पोट भरतं मैदा आणि भाताने. साखरेचा आजार असलेल्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूकार्डवर कॅलरी लिहिण्याचा नियम २०२२ पासून लागू आहे. नाक्यावरच्या हॉटेलात मात्र आपणच विचारायचं. ग्रेव्ही सकाळीच तयार असते, तिचं मीठ कमी होत नाही. अंडा भुर्जी, ऑम्लेट, डाळीचा तडका ताजा होतो. तिथे "मीठ-तेल कमी" म्हटलं तर ऐकतात. नानऐवजी बटर न लावलेली तंदुरी रोटी घ्या, कणकेची आहे का तेही विचारा. काकडी-कांदा मागा, वर मीठ-मसाला नको म्हणा. ताक नको, साधं दही घ्या. हॉटेलच्या ताकात मीठ असतंच.

काकूंना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं आणि हॉटेल महिन्यातून एकदाच, असं सांगितलं. "बाकीचे पापड खाणार आणि मी बघत बसू?" त्या म्हणाल्या. सून शेजारीच उभी होती. म्हणाली, "आत्या, पापड मागवायचाच नाही आता."