फोटो लहान करा, पण मूळ जपा

आज घराघरांत मोबाइल आहे आणि त्यात शेकड्यांनी फोटो आहेत. पोळ्याला सजवलेले बैल त्यात असतात, नव्या विहिरीला लागलेले पाणी असते, आणि आता आपल्यात नसलेली वडीलधारी माणसेही असतात. हे फोटो लहान करण्याचे काम कधी ना कधी प्रत्येक घरात निघते. संगणकाकडून ते एका दमात कसे करून घ्यावे, हे आज सांगणार आहे. पण आधी आमच्या घरी काय झाले ते ऐका.

आमच्या डाळिंबाचे फोटो एका व्यापाऱ्याला पाठवायचे होते. फोटो इतके जड, की जाता जाईनात. पुतण्या कॉलेजात शिकतो, संगणकावर त्याचा हात बसलेला. त्याने सगळा फोल्डरच संगणकाच्या हवाली केला आणि तीनशेच्या वर फोटो लहान करून टाकले. आमची जेवणे होऊन हात धुवेपर्यंत काम फत्ते! सर्वांनी त्याची पाठ थोपटली. व्यापाऱ्याला फोटो पोचले, सौदाही झाला.

त्याच फोल्डरमध्ये आमच्या मातोश्रींचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो होते, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. वर्षश्राद्धाला त्यांतला एक मोठा करून भिंतीवर लावावा म्हणून तालुक्याला फोटोवाल्याकडे गेलो. त्याने फाइल उघडली आणि म्हणाला, "काका, हा फार तर पासपोर्टच्या फोटोएवढा निघेल. त्याहून मोठा केला तर चेहरा फुटेल. मूळ फाइल आणा." मूळ फाइल राहिलीच कुठे होती? मोबाइल भरला म्हणून त्यातले फोटो आम्ही आधीच पुसले होते.

असे का झाले, ते समजून घ्या. संगणकातला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. मोबाइलच्या चांगल्या फोटोत आडवे 4000 आणि उभे 3000 ठिपके असतात, म्हणजे एकूण 1 कोटी 20 लाख. पुतण्याने फोटो 640 बाय 480 चा केला, तेव्हा उरले 3 लाख 7 हजार 200. दर 39 ठिपक्यांमागे एक राहिला! छपाई स्वच्छ यायची तर इंचाला 300 ठिपके धरतात. 4000 ला 300 ने भागा, सव्वातेरा इंच रुंदीचा फोटो निघतो. 640 ला भागा, दोन इंचांच्या जरासा वर. गेलेले ठिपके परत येत नाहीत. मोठा करायला सांगितला तर संगणक मधल्या जागा अंदाजाने भरतो, आणि अंदाजाने भरलेला चेहरा आईचा राहत नाही.

तुम्ही म्हणाल, मग लहान करायचेच कशाला? त्यावाचून चालत नाही. एकेक फोटो चार एमबीचा धरला तर तीनशे फोटोंचे बाराशे एमबी होतात. नुसते पडद्यावर पाहायचे असेल तर लांब बाजूला 1200 ठिपके पुरे होतात आणि वजन पार उतरते. पोरांच्या ऑनलाइन अर्जांत तर फोटो अमुक केबीच्या आत हवा, असे बजावलेलेच असते.

एकेक फोटो उघडून लहान करत बसलो तर दिवस जाईल. म्हणून संगणकाला एकदा शिकवून ठेवायचे. फोटोशॉप हा प्रोग्रॅम 1990 साली आला. 1996 साली निघालेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत 'अ‍ॅक्शन' नावाची सोय मिळाली. जुना टेपरेकॉर्डर आठवतो ना? तसेच हे आहे. रेकॉर्डचे बटण दाबायचे, एका फोटोवर काम करून दाखवायचे आणि बटण बंद करायचे. पुढे तेच काम त्याच क्रमाने संगणक शेकडो फोटोंवर करतो. त्यासाठी 'फाइल'मध्ये 'ऑटोमेट' आणि त्यात 'बॅच' अशी जागा आहे.

शिकवताना एक गोम लक्षात ठेवा. नुसती रुंदी 1200 सांगितली, तर आडवे फोटो ठीक होतात, पण उभे फोटो 1200 रुंद आणि 1600 उंच होऊन बसतात. त्यापेक्षा त्याच 'ऑटोमेट'मधले 'फिट इमेज' वापरा. दोन्ही बाजूंना 1200 ची हद्द घातली, की फोटो उभा असो वा आडवा, प्रमाण न बिघडता त्या चौकटीत बसतो.

आता खरी धोक्याची जागा. तयार झालेले फोटो कुठे ठेवू, असे 'बॅच' तुम्हाला विचारतो. तिथे 'सेव्ह अँड क्लोज' निवडले, तर लहान फोटो मूळ फोटोच्याच जागी बसतो आणि मूळ जातो. आमच्या पुतण्याने नेमके हेच केले होते. दोष प्रोग्रॅमचा नव्हे. त्याने विचारले होते, आम्ही वाचले नाही. तिथे 'फोल्डर' निवडावे आणि नवा, रिकामा फोल्डर दाखवावा. हे सारे किचकट वाटत असेल तर 'फाइल'मध्ये 'स्क्रिप्ट्स' आणि त्यात 'इमेज प्रोसेसर' आहे. तो काही रेकॉर्ड न करता फोटो लहान करतो आणि वेगळ्या पोटफोल्डरमध्ये ठेवतो. नवख्याने तोच वापरावा, असे माझे मत आहे.

फोटोशॉपला पैसे पडतात. घरच्या कामाला इरफानव्ह्यू फुकट मिळतो. इरफान श्किल्यान या बोस्नियातल्या तरुणाने तो केला आणि 1996 पासून तो लोकांच्या हाती आहे. त्यात 'बी' हे अक्षर दाबले की पुष्कळ फोटोंचे काम एकदम करण्याची खिडकी उघडते. लांब बाजू किती ठेवायची ते तिथे सांगता येते. त्यातही जुन्या फाइलवर नवी चढवण्याची आणि मूळ फाइल पुसण्याची खूण असते. त्या दोन्ही चौकटी कोऱ्या आहेत ना, हे दोनदा पाहावे.

आणखी एक. जेपेग फोटो उघडून पुन्हापुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा थोडा बिघडतो. सात-बाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरे जशी उडतात, तसेच. म्हणून लहान फोटो नेहमी मूळ फोटोवरूनच करावा. व्हॉट्सअ‍ॅपवरही फोटो साधा पाठवला की आक्रसतो; मूळ जसाच्या तसा हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

आम्हीही नातेवाइकांकडे मातोश्रींचे फोटो मागून पाहिले. सर्वांकडे आक्रसलेलेच होते. अखेर दोन इंचांचा फोटो काढला आणि मोठ्या फ्रेममध्ये पांढऱ्या कागदावर मधोमध बसवला. फ्रेम पुतण्यानेच आणली. हल्ली तो फोटोंना हात लावण्याआधी सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवतो, आणि मगच तीन फोटोंवर काम करून बघतो. ते नीट उतरले तरच बाकीचे लावतो.