ग्लुकोमीटरचा आकडा चुकतो तेव्हा

मधुमेह असलेल्या घरांत ग्लुकोमीटर ही आता नित्याची वस्तू झाली आहे. बोटातून रक्ताचा थेंब काढावा, आकडा वहीत टिपावा आणि त्यानुसार इन्सुलिनची मात्रा ठरवावी, हा आपल्या अनेक बंधुभगिनींचा परिपाठ असतो. मात्र रक्तातील साखर प्रत्यक्षात १३० असताना यंत्राने २५० दाखवली आणि त्या भरवशावर जादा इन्सुलिन घेतले गेले, तर साखर एकदम खाली येऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

आकडा संशयास्पद वाटला की आपण प्रथम यंत्राला दोष देतो. दोष पुष्कळदा हाताचा असतो. संत्रे सोलल्यावर बोटांना लागलेला रस रक्ताच्या इवल्याशा थेंबात मिसळतो आणि साखर भलतीच वाढलेली दिसते. जपानमधील संशोधकांनी २०११ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. स्पिरिटचा बोळा फिरवूनही ती साखर पुरती निघाली नाही. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र आकडा ठीक आला. धुतलेला हात नीट कोरडा करावा, कारण पाण्याचा अंश मिसळल्यास आकडा खोटा येतो. बोट जोराने पिळूही नये.

यानंतर पट्ट्यांकडे पाहावे. पट्टीवरील रासायनिक थर नाजूक असतो व दमट हवेने बिघडतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात डबीचे झाकण उघडे राहिले की पट्ट्या वाया गेल्याच म्हणून समजा. त्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत, दुसऱ्या डबीत काढू नयेत आणि मुदत संपल्यावर काटकसरीपोटी वापरू नयेत. काही जुन्या यंत्रांत डबीवरील सांकेतिक क्रमांक जुळवावा लागतो, तोही तपासावा. तरीही शंका उरल्यास त्याच कंपनीचे कंट्रोल सोल्यूशन पट्टीवर घालावे. आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला नाही, तर पट्टी किंवा यंत्र सदोष आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालाशी तुलना करायची तर ती उपाशीपोटी आणि एकाच वेळी करावी. जेवणानंतर बोटातील रक्तात शिरेतील रक्तापेक्षा साखर अधिक असते. शिवाय २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रयोगशाळेत २०० आलेली साखर यंत्राने १७० ते २३० दाखवली, तरी ते यंत्र सदोष मानले जात नाही. रक्तक्षय असलेल्यांत, अर्थात आपल्याकडील अनेक भगिनींत, यंत्र साखर जास्त दाखवू शकते. याविषयी डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे असताना यंत्र 'सर्व ठीक' सांगत असेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवावा. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी हात धुऊन पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.