बंदुकीची नळी किती घासावी?

नाशिकजवळील देवळाली तोफखान्याच्या शिक्षणासाठीं प्रसिद्ध आहे, आणि शहरांत १९३७ पासून भोंसला सैनिकी शाळाही आहे. शस्त्राची निगा हा विषय या भागास परका नव्हे. तरीही नळी साफ करतांना दोन टोकांच्या चुका होतात: कोणी आळसानें ती तशीच ठेवतो, तर कोणी आरशासारखी लखलखेपर्यंत घाशीत बसतो.

काळ्या दारूचा मळ आणि जुन्या काडतुसांच्या टोपींतील क्लोरेटापासून उरणारा क्षार हवेंतील ओल शोषून घेतात. पावसाळ्यांत तर रातोरात गंज चढूं शकतो. हा क्षार तेलांत विरघळत नाहीं. त्यास कढत पाणीच पाहिजे. मग नळी पुरी कोरडी करून तेलाचा पातळ हात द्यावा. अलीकडील बहुतेक टोप्यांत क्लोरेट नसतें. तेथें पाण्याची गरज पडत नाहीं.

अतिघासणीचा धोका मात्र सर्वत्र सारखाच. नळीच्या तोंडाची कड गजानें झिजली, कीं नेम बिघडतो. यास्तव प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी, आणि शक्य तेथें गज मागील बाजूनेंच घालावा. चिंधी जवळजवळ स्वच्छ निघाली, कीं थांबावें. गंजास वाव नको, तसा झिजेसही नको. स्वच्छतेची मर्यादा हीच होय.