आठवड्याला अडीच पौंड

संकटात सापडलेल्या संशोधकांना मदत करणाऱ्या ‘कारा’ या ब्रिटिश संस्थेची ओळख करून देताना एक हिशेब हमखास सांगितला जातो. हिटलरच्या राजवटीतून निसटलेल्या ज्या विद्वानांना या संस्थेनं हात दिला, त्यांतल्या सोळा जणांना नोबेल पारितोषिक मिळालं, अठरा जण ‘सर’ झाले आणि शंभरावर लोक रॉयल सोसायटी किंवा ब्रिटिश अकॅडमीचे फेलो म्हणून निवडले गेले. देणगी मागायला हा हिशेब फार उपयोगी पडतो. पण तो ऐकून असा ग्रह होतो की थोरांनी थोरांना ओळखलं, वाचवलं आणि गोष्ट संपली. संस्थेच्या पहिल्या काही वर्षांचा व्यवहार पाहिला तर मला त्यात दुसरंच काही दिसतं. उखडल्या गेलेल्या संशोधकाचं करिअर एखाद्या दिग्गजाच्या एका शब्दावर क्वचितच तरतं. ते तरतं कारकुनीवर. वेळेत गेलेलं पत्र, नीट लावलेली फाइल, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा धाडलेलं स्मरणपत्र यांवर. आणि ही कारकुनी करणाऱ्यांची नावं गौरवाच्या याद्यांमध्ये शोधावी लागतात.

सुरुवात एका कायद्यानं झाली. ७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत सरकारी नोकरांविषयीचा जो कायदा आला, त्यानं ‘अनार्य’ आणि राजकीयदृष्ट्या अविश्वासू ठरवलेल्या माणसांना नोकरीवरून काढण्याची मुभा दिली. जर्मनीतली विद्यापीठं सरकारी होती, प्राध्यापक सरकारी नोकर होते. त्यामुळे इतिहासापासून अणुविज्ञानापर्यंत सगळ्यांना घरी बसवायला हा एकच कायदा पुरला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक विल्यम बेव्हरिज त्या सुमारास व्हिएन्नात होते. तिथल्या एका कॅफेत अर्थशास्त्रज्ञ लुडविग फोन मीझेस आणि लायोनेल रॉबिन्स यांच्यासोबत बसले असताना बडतर्फ प्राध्यापकांची नावं त्यांनी वर्तमानपत्रात वाचली. बर्लिनहून नुकतेच बाहेर पडलेले हंगेरियन पदार्थवैज्ञानिक लिओ सिलार्डही व्हिएन्नातच होते. काहीतरी करा, म्हणून त्यांनीही बेव्हरिजना गाठलं. मे महिन्यात ब्रिटनमधल्या चाळीसेक नामवंतांच्या सह्यांनी निवेदन निघालं आणि अकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल, म्हणजे आजची ‘कारा’, स्थापन झाली. अध्यक्ष झाले पदार्थवैज्ञानिक अर्नेस्ट रदरफर्ड. रॉयल सोसायटीनं बर्लिंग्टन हाउसमधल्या दोन खोल्या दिल्या. इथे बेव्हरिज यांचं पूर्वायुष्य ध्यानात घ्यायला हवं. १९०९च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये सरकारी रोजगार कचेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांचे पहिले संचालक हेच होते. म्हणजे गवंडी आणि गोदी कामगारांसाठी जी यंत्रणा त्यांनी चालवली होती, तिचीच छोटी आवृत्ती आता प्राध्यापकांसाठी उभी राहत होती. आपल्याकडच्या भाषेत, विद्वानांचं सेवायोजन कार्यालय.

त्या कार्यालयाचा गाडा प्रत्यक्षात ओढला तो दोघांनी. इतिहासाचे तरुण व्याख्याते वॉल्टर अ‍ॅडम्स हे चिटणीस झाले. जुलै १९३३मध्ये त्यांच्या हाताखाली एस्थर सिम्प्सन साहाय्यक चिटणीस म्हणून रुजू झाल्या. पगार आठवड्याला अडीच पौंड. लीड्समध्ये, रशियन साम्राज्यातून आलेल्या एका ज्यू कुटुंबात १९०३ साली त्यांचा जन्म झाला होता. फ्रेंच आणि जर्मन घेऊन पदवी मिळवलेल्या, व्हायोलिन वाजवणाऱ्या या बाई व्हिएन्नात आणि मग जिनिव्हात आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कचेऱ्यांत काम करत होत्या. जिनिव्हाचा बरा पगार सोडून त्या लंडनला आल्या. त्यांच्याकडे काम आलं ते असं. बडतर्फ झालेल्या माणसाचं पत्र आलं की त्याची फाइल उघडायची. शिक्षण, प्रकाशित संशोधन, अवगत भाषा, घरात माणसं किती, हे टिपून घ्यायचं. त्याच्या विषयातल्या जाणकारांकडून गोपनीय अभिप्राय मागवायचे. कोणत्या विद्यापीठात जागा निघण्याचा संभव आहे याचा माग ठेवायचा, विभागप्रमुखांना लिहायचं, व्हिसासाठी गृहखात्याशी पत्रव्यवहार करायचा. तोवर संसार चालावा म्हणून तात्पुरतं अनुदान, विवाहिताला वर्षाला २५० पौंड आणि एकट्याला १८२. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अशा नोंदींची संख्या अडीच हजारांवर गेली होती. आवक-जावक वहीत ज्यांनी कधी बोटं काळी केली आहेत, त्यांना या आकड्यामागचे श्रम वेगळे सांगायला नकोत.

हे काम दिग्गजांच्या ओळखीपाळखीवर का भागलं नसतं, याचं उत्तर संशोधकाच्या व्यवसायाच्या घडणीतच आहे. सुतार गाव सोडून गेला तर नव्या गावात दोन खुर्च्या करून आपली लायकी दाखवू शकतो. संशोधकाची लायकी इतरांच्या साक्षीवर उभी असते. मार्गदर्शकाचं पत्र, सहकाऱ्यांचं मत, प्रयोगशाळेतलं नाव, सगळं मागे राहिलेल्या ठिकाणी. त्या साक्षी गोळा करून परक्या देशातल्या निवड समितीला कळतील अशा रूपात मांडणारं कुणीतरी लागतं. शिवाय हे कौशल्य नाशवंत आहे. दोन-तीन वर्षं प्रयोगशाळेबाहेर काढलेल्या माणसाकडे चौथ्या वर्षी कुणी ढुंकून पाहत नाही. म्हणून अनुदानाची रक्कम छोटी असली तरी ती केव्हा मिळते यालाच जास्त मोल होतं.

नुसत्या आश्रयदात्याच्या भरवशावर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात घडलं. पुंज यांत्रिकीच्या जनकांपैकी एक, गॉटिंगेनहून काढलेले माक्स बोर्न, १९३५च्या हिवाळ्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्यांना बोलावणारे होते तिथले संचालक चंद्रशेखर वेंकट रामन, स्वतः नोबेल विजेते. बोर्नना कायमची जागा द्यावी असा रामन यांचा आग्रह होता. पण रामन यांचे संस्थेत अनेकांशी खटके उडत होते. ज्या सभेत हा विषय निघाला तिथे एका इंग्रज प्राध्यापकानं, आपल्याच देशातून हाकललेल्या दुय्यम दर्जाच्या परदेशी माणसाला ही संस्था कशाला, अशा अर्थाचं भाषण केलं. बोर्न तिथे हजर होते. हा अपमान त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवला. जागा मिळाली नाही, आणि १९३६मध्ये ते एडिंबरात प्राध्यापक झाले. भारताची दारं सरसकट बंद होती असं यातून काढू नये. कलकत्ता विद्यापीठानं लाइपत्सिगहून काढलेले गणिती फ्रीडरिक लेवी यांना १९३५ सालीच प्राध्यापकपद दिलं, आणि १९४८ साली लेवी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पण हे एकेकट्याचं नशीब होतं. आश्रयदात्याचे शत्रू हे आश्रिताचेही शत्रू होतात. कुणा एकाच्या नावावर न चालणाऱ्या कचेरीच्या बाबतीत हा धोका बराच कमी असतो.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो त्या काळीही होताच. जीव वाचवण्यासाठी लाखो माणसं धडपडत असताना प्राध्यापकांसाठी वेगळी खिडकी कशाला? शिंप्याला आणि दुकानदाराला कुणी २५० पौंड देत नव्हतं. आक्षेपात तथ्य आहे. मात्र पैसा कुठून आला हे पाहायला हवं. त्याचा एक हिस्सा ब्रिटनमधल्या प्राध्यापकांनी आपल्या पगारातून दिला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अध्यापकांनी तर पगाराचे ठरावीक टक्के बाजूला काढले. इतर निर्वासितांच्या तोंडचा घास काढून ही खिडकी उघडली नव्हती. एका व्यवसायानं आपल्या व्यवसायबंधूंची जबाबदारी घेतली होती, आणि अभिप्राय कुणाकडे मागायचा हे त्याच व्यवसायाला ठाऊक होतं. पैसा उभा करण्याच्या कामी प्रसिद्ध चेहरे उपयोगी पडले, हेही मान्य करायला हवं. ३ ऑक्टोबर १९३३ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आइन्स्टाइन यांचं भाषण ऐकायला हजारोंची गर्दी लोटली. दुसरा आक्षेप स्थानिकांच्या नोकऱ्यांचा. मंदीचा काळ होता, इंग्रज पदवीधरही बेकार होते. ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनांनी निर्वासित डॉक्टरांना आडकाठीच केली. कौन्सिलचा यावरचा तोडगा चतुर होता, थोडा भित्राही. कोणत्याही देशाच्या राज्यपद्धतीवर आम्ही निवाडा करत नाही, असं तिच्या पहिल्या निवेदनातच म्हटलं होतं, आणि पुष्कळांना अमेरिकेकडे जाण्याचा टप्पा म्हणूनच इथे आधार दिला गेला. हा सावधपणा आज बोचतो. पण सरकारचे आणि विद्यापीठांचे दरवाजे किलकिले राहिले ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप मात्र मला परतवता येत नाही. मदत कुणाला, हे गुणवत्तेवर ठरत होतं, आणि गुणवत्ता म्हणजे आधी प्रकाशित झालेलं संशोधन. जो तरुण नुकताच डॉक्टरेट होऊन पहिल्याच नोकरीतून हाकलला गेला, त्याच्याकडे दाखवायला काय असणार? अशा अनेकांच्या फायली उघडल्या गेल्या, पण अनुदानापर्यंत पोचल्या नाहीत. स्त्रियांची वाट आणखी बिकट होती, कारण जर्मन विद्यापीठांनी मुळातच त्यांना वरच्या जागा फार कमी दिल्या होत्या. जिथे पद नाही तिथे ‘नामवंत’ असल्याचा पुरावा आणायचा कुठून? ब्रिटनच्या पदवीधर स्त्रियांच्या संघटनेनं निर्वासित विदुषींसाठी वेगळं काम उभं केलं, ते काही उगाच नव्हे. माझं म्हणणं कारकुनीच्या बाजूचं असलं तरी कारकुनी निर्दोष होती असं त्यात नाही. फाइल जे विचारते तेवढंच तिला दिसतं. फॉर्ममध्ये ‘प्रकाशनं’ हा रकाना असला आणि ‘संधी किती मिळाली’ हा नसला की अन्याय नीटनेटक्या अक्षरात नोंदवला जातो.

तरीही या कचेरीची खरी कसोटी १९४०च्या उन्हाळ्यात लागली, आणि त्या वेळी तिचा एककल्लीपणाच कामी आला. एव्हाना कौन्सिलचं नाव सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ सायन्स अँड लर्निंग झालं होतं आणि कचेरी केंब्रिजला हलली होती. फ्रान्स कोसळताच चर्चिल सरकारनं ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ म्हणून हजारो निर्वासितांना अटकेत टाकलं. ती संख्या सत्तावीस हजारांच्या घरात गेली. हिटलरनं हाकललेले ज्यू प्राध्यापक आइल ऑफ मॅनवरच्या तारेच्या कुंपणाआड बसले. हिमोग्लोबिनवर काम करणाऱ्या माक्स पेरुट्झ यांना तर बोटीत घालून कॅनडाला धाडलं. सुटकेचे अर्ज तपासायला विद्वत्संस्थांच्या समित्या नेमल्या गेल्या तेव्हा प्रश्न आला की कोण कोण आत आहे, प्रत्येकाचं काम काय, हमी कोण देणार. ही माहिती देशात एकत्र कुठे असेल तर सिम्प्सनबाईंच्या कपाटांत. सात वर्षं साठवलेली टिपणं बाहेर काढून त्यांनी माणसामागून माणसाचा अर्ज तयार केला. एरवी ज्या कामाला ‘फायली वाढवणं’ म्हणून हिणवलं जातं, त्यानं इथे तुरुंगाची कुलपं उघडली.

आता पुन्हा त्या नोबेलच्या हिशेबाकडे. त्यात न बसणारी एक फाइल घ्या. ब्रेस्लाउचे चेताशल्यवैद्य लुडविग गुटमान मार्च १९३९मध्ये बायको आणि दोन मुलांसह ऑक्सफर्डला पोचले. सोसायटीनं गृहखात्याशी बोलणी करून त्यांना २५० पौंड दिले होते. १९४४ साली त्यांच्याकडे स्टोक मँडविलच्या रुग्णालयात मणक्याच्या जखमींचा विभाग आला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. १९७२ साली ती स्पर्धा पश्चिम जर्मनीत हायडेलबर्गला भरली, आणि तिथे पोहण्याच्या पन्नास मीटर शर्यतीत सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेला हा जवान ज्या स्पर्धेत उतरला, ती घडवणाऱ्याला ज्या देशानं हाकललं होतं, त्याच देशात तो जिंकला. हे सांगायचा मोह मला आवरला नाही, आणि असा मोह होतो म्हणूनच पुढचं बोलायला हवं. १९३९ साली गुटमान यांची फाइल हातात असताना यातलं काहीही कुणाला दिसत नव्हतं. त्याच कपाटात शेकडो अशा लोकांच्या फायली होत्या, ज्यांनी पुढे कुठल्याशा गावच्या कॉलेजात शिकवलं, चार शोधनिबंध लिहिले आणि निवृत्त झाले. मदत योग्य होती की नाही हे पदकांवरून ठरवलं, तर या माणसांवर केलेला खर्च वाया गेला असं म्हणावं लागेल. तसं म्हणायची माझी तयारी नाही. सिम्प्सनबाई आपल्या निर्वासितांना ‘माझी मुलं’ म्हणत, आणि त्या मुलांत पदकवाले कोण निघतील ते त्यांना ठाऊक नव्हतं.

संस्था बंद पडली नाही, कारण गिऱ्हाईक संपलं नाही. हंगेरी १९५६, चिली १९७३, वर्णद्वेषी राजवटीतली दक्षिण आफ्रिका, मग इराक, सीरिया, युक्रेन. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले अल्बी सॅक्स यांना संस्थेनं एकदा नव्हे, दोनदा आधार दिला. आजचं नाव कौन्सिल फॉर अ‍ॅट-रिस्क अकॅडेमिक्स, म्हणजेच कारा. काम मात्र तेच, शिफारसपत्रं गोळा करण्याचं आणि विद्यापीठांची दारं ठोठावण्याचं. हिटलरच्या काळात ब्रिटनमध्ये आलेल्या निर्वासितांनी आभार म्हणून वर्गणी काढून १९६५ साली नव्वद हजारांहून अधिक पौंड ब्रिटिश अकॅडमीला दिले. ती रक्कम त्यांच्यातलेच एक, जीवरसायनवैज्ञानिक हान्स क्रेब्ज यांच्या हस्ते सुपूर्द झाली, आणि ती वापरायची होती संशोधकांच्या शिष्यवृत्त्यांसाठी. सिम्प्सनबाई १९९६ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी गेल्या. त्यांनी उघडलेल्या फायली आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. ज्यांना जागा मिळाली त्यांच्या आणि ज्यांना मिळाली नाही त्यांच्याही, एकाच सूचीत.